'द प्राइस इज राइट': भाव ओळखायच्या खेळांचे नियम आणि ते खेळायची रीत

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आई-बाबांना सकाळी सीबीएस वाहिनीवर हा कार्यक्रम हमखास सापडतो. रंगीबेरंगी स्टुडिओ, उड्या मारत धावत येणारी माणसं, मोठमोठ्याने आकडे ओरडणारे प्रेक्षक, आणि मध्येच पडद्याआडून बाहेर येणारी गाडी किंवा फ्रिज. इंग्रजी फारसं कळलं नाही तरी वस्तू समोर दिसते आणि तिची किंमत सांगायची आहे एवढं लगेच समजतं. पण अमुक माणूस का जिंकला, तमका एक डॉलरच का बोलला, जवळचा आकडा सांगूनही तिसरी बाई का हरली, हे नियम माहीत असल्याशिवाय उलगडत नाही.

कार्यक्रमाची जुनी आवृत्ती १९५६ ते १९६५ या काळात बिल कलन चालवत. आज दिसतो तो अवतार ४ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाला. बॉब बार्कर यांनी तो २००७ पर्यंत, म्हणजे सलग ३५ वर्षं चालवला आणि त्यानंतर ड्र्यू कॅरी आले. सुरुवातीला अर्ध्या तासाचा असलेला भाग १९७५ मध्ये तासाभराचा झाला आणि तेव्हापासून त्याची घडी फारशी बदललेली नाही: सहा वेळा बोली, सहा वेगवेगळे खेळ, दोनदा चाक आणि शेवटी मोठा 'शोकेस', म्हणजे अनेक बक्षिसांचा एकत्र संच.

माझं ठाम मत असं की भाव तोंडपाठ असणं हे इथे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे आपली चूक कुठल्या बाजूला झाली तर चालते आणि कुठल्या बाजूला झाली की संपलंच, हे ओळखणं. प्रत्येक खेळात याचं उत्तर वेगळं असतं.

आधी किंमत म्हणजे कोणती ते पाहू

आपल्याकडे पाकिटावर छापील किंमत असते, ती कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. अमेरिकेत तसं नाही. कार्यक्रमात धरतात ती उत्पादकाने सुचवलेली किरकोळ किंमत. तिच्यात विक्रीकर नसतो, सेलची सूट नसते आणि कूपनही नसतं. त्यामुळे नेहमी सवलतीत खरेदी करणाऱ्या माणसाचा अंदाज हटकून कमी पडतो. आपण २९ डॉलरला आणलेल्या इस्त्रीची सुचवलेली किंमत ४५ असू शकते. घरबसल्या सराव करायचा असेल तर दुकानात गेल्यावर लाल अक्षरातल्या सेलच्या भावाकडे न बघता त्याशेजारी खोडलेला मूळ भाव बघायची सवय लावा.

गाडीच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. निवेदक गाडीचं वर्णन करताना जादा सोयींची यादी वाचतो. त्या सोयींनी किंमत वाढते आणि म्हणून तेच मॉडेल दोन वेगळ्या भागांत दोन वेगळ्या किमतींना दिसतं. ती यादी कान देऊन ऐकावी.

चौघांची बोली

'कम ऑन डाउन!' ही हाक ऐकू येते ती या टप्प्यासाठी. प्रेक्षकांतून चौघांना नावाने पुढे बोलावतात आणि मंचाखाली एका ओळीत उभं करतात. एक वस्तू दाखवली जाते आणि चौघे एकेक करून पूर्ण डॉलरमध्ये किंमत सांगतात. खऱ्या किमतीच्या सगळ्यांत जवळ असलेला, पण तिच्या वर न गेलेला, जिंकतो आणि मंचावर चढतो. एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगता येत नाही. चौघेही वर गेले तर भोंगा वाजतो, सगळ्यांत कमी बोली किती होती ते सांगतात आणि त्याहून कमी आकड्यांनी पुन्हा बोली लागते. किंमत तंतोतंत सांगणाऱ्याला ५०० डॉलर वर मिळतात.

'वर गेला तो बाद' हा या टप्प्याचा कणा आहे. समजा कॉफी मशीन दाखवलं. पहिल्याने ८०० सांगितले, दुसरीने ६५०, तिसऱ्याने ९००. आता चौथ्याची पाळी. त्याला मनातून वाटतंय की किंमत ८५० च्या आसपास असेल. बहुतेक लोक इथे ८५० म्हणून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. ८५० म्हटलं तर ८५० ते ८९९ एवढीच जागा आपली. किंमत ८३० निघाली तर ८०० वाला जिंकतो. त्याऐवजी ८०१ म्हटलं तर ८०१ पासून ८९९ पर्यंतची सगळी जागा आपल्या ताब्यात येते. ८५० सांगून एकच गोष्ट मिळते: किंमत नेमकी ८५० निघाली तर जादाचे ५०० डॉलर. त्यासाठी एकोणपन्नास आकड्यांची जागा सोडणं परवडत नाही.

म्हणून शेवटी बोलणाऱ्यासाठी चारच आकडे शहाणपणाचे असतात. तिघांपैकी कुणाच्याही आकड्यापेक्षा एक डॉलर जास्त, किंवा तिघेही वर गेलेत अशी खात्री वाटत असेल तर सरळ १ डॉलर. वरच्या उदाहरणात ते ६५१, ८०१, ९०१ आणि १. कोणता निवडायचा हे आपल्या अंदाजावर, पण या चारांच्या बाहेर जाऊ नये. एखाद्याच्या आकड्यावर एक डॉलर चढवणं काही प्रेक्षकांना उद्धटपणाचं वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. नियमात बसणारी ती सगळ्यांत विचारी चाल आहे. अर्थशास्त्रज्ञांनी या बोलींचा अभ्यास केलाय तोही याच कारणासाठी: चाल इतकी उघड असूनही बरेच स्पर्धक ती वापरत नाहीत.

शेवटची पाळी मिळते कुणाला? पहिल्या फेरीत प्रेक्षकांच्या डावीकडून उजवीकडे बोली जाते. पुढच्या प्रत्येक फेरीत जिंकलेल्याच्या जागी नवा माणूस येतो, आधी तो बोलतो आणि मग त्याच क्रमाने पाळी फिरत जाते. म्हणजे नव्या माणसाच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूने पाहता डावीकडे, उभा असलेला सगळ्यांत शेवटी बोलतो. प्रेक्षकांच्या बाजूने पाहता उजवीकडचा शेजारी जिंकून मंचावर गेला की पुढच्या फेरीत शेवटची पाळी आपली, हे ओळखून तयार राहायचं.

पहिल्या पाळीला आलेल्याने काय करावं? त्याच्याकडे माहिती सगळ्यांत कमी आणि पाठीमागून कापणारे तीन. आपल्या अंदाजापेक्षा थोडं खालीच राहावं. अंदाज ९०० चा असेल तर ८२०-८४० च्या आसपास सांगावं, म्हणजे वर जाऊन बाद होण्याचा धोका कमी होतो.

मंचावरचे खेळ

बोली जिंकली की एक खेळ वाट्याला येतो. कार्यक्रमाच्या पोतडीत असे ७० हून जास्त खेळ आहेत आणि कुठला येईल हे आपल्या हातात नसतं. सगळे सांगत बसत नाही. ज्यांतून खेळायची रीत कळते तेवढेच घेतो.

'क्लॉक गेम' हा माझ्या मते सगळ्यांत निखळ खेळ. दोन वस्तू, ३० सेकंद. तुम्ही आकडा सांगायचा, सूत्रसंचालक फक्त 'वर' किंवा 'खाली' म्हणणार. पहिल्या वस्तूची किंमत नेमकी सापडली की दुसरी सुरू होते आणि दोन्ही वेळेत सापडल्या तर जिंकलात. किंमत बहुधा तीन आकडी असते. इथे चुकीला शिक्षा नाही, शिक्षा वेळेची आहे. घाबरलेला माणूस ७००, ७१०, ७२० असं दहादहाने चढत जातो आणि घड्याळ संपतं. दर वेळी उरलेल्या पट्ट्याचा मध्य सांगायचा. किंमत ७३८ आहे असं धरू. ५०० म्हणा: वर. ७५०: खाली. ६२५: वर. ६९०: वर. ७२०: वर. ७३५: वर. ७४२: खाली. ७३८: बरोबर. आठ आकड्यांत काम झालं. दर वेळी पट्टा बरोबर अर्धा केला तर हजाराच्या आतली कुठलीही किंमत जास्तीत जास्त दहा आकड्यांत सापडतेच, कारण दोनाचा दहावा घात १०२४ होतो. हिशेब अगदी काटेकोर नको, मध्याच्या जवळपास असलं तरी चालतं. आकडा पटकन आणि स्वच्छ उच्चारणं जास्त महत्त्वाचं.

'क्लिफ हँगर्स' मध्ये एक छोटा गिर्यारोहक बाहुला गाण्याच्या तालावर डोंगर चढतो. तीन लहान वस्तूंच्या किमती सांगायच्या. जितक्या डॉलरने चुकाल तितकी पावलं तो चढतो, आणि तिन्ही मिळून २५ पावलांच्या पुढे गेला की कड्यावरून पडतो. लक्षात घ्या, इथे वर चुकलं काय किंवा खाली चुकलं काय, मोजमाप सारखंच. बोलीच्या वेळची 'थोडं खाली राहा' ही सवय इथे सोडून द्यायची आणि मनातला खरा मधला अंदाज सांगायचा. वस्तू साधारणपणे स्वस्ताकडून महागाकडे येतात. प्रेक्षकांत २०, ३०, ४० हे सूत्र बरीच वर्षं चालत आलंय. भाव चढले तसे तेही थोडे चढवून घ्यावेत, पण चढती भाजणी सोडू नये.

'रेंज गेम' मध्ये ६०० डॉलरची उभी पट्टी असते आणि तिच्यावरून १५० डॉलर रुंदीची खिडकी खालून वर सरकते. बटण दाबून ती थांबवायची. खरी किंमत खिडकीत असेल तर वस्तू तुमची. एकदा थांबवली की पुन्हा सुरू होत नाही. नजर खिडकीच्या वरच्या कडेवर ठेवा आणि ती कड तुमच्या अंदाजापेक्षा ७५ ने वर पोचली की दाबा, म्हणजे अंदाज बरोबर मध्यावर येतो. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात बहुतेकांचा हात उशिरा पडतो, म्हणून कड कुठे थांबवायची तो आकडा खिडकी हलायच्या आधीच मनाशी पक्का करा.

'एनी नंबर' हा १९७२ च्या पहिल्याच भागात खेळला गेलेला खेळ अजूनही चालू आहे. फळ्यावर तीन ओळी: गाडीची पाच आकडी किंमत, एका मधल्या बक्षिसाची तीन आकडी किंमत, आणि पिगी बँकेतली काही डॉलर आणि सेंट अशी तीन आकडी रक्कम. गाडीचा पहिला आकडा उघडून दिलेला असतो. उरलेल्या दहा जागांत ० ते ९ हे आकडे एकेकदाच येतात. तुम्ही एकेक आकडा सांगायचा, तो जिथे असेल तिथे उघडतो, आणि जी ओळ आधी पूर्ण होईल ते तुमचं. नुसत्या नशिबावर सोडलं तर गाडी मिळण्याची शक्यता साधारण २६ टक्के आणि इतर दोघांची प्रत्येकी ३७ टक्के, कारण गाडीला चार आकडे लागतात आणि त्यांना तीनच. इथे मी एकच सल्ला देईन. गाडीचे शेवटचे आकडे कुणालाच माहीत नसतात, तेव्हा त्यांच्यामागे लागू नका. मधल्या बक्षिसाकडे बघा. ते वॉशिंग मशीन आहे आणि आठशेच्या घरात असेल असं वाटत असेल तर ८ हा आकडा उच्चारूच नका. ती ओळ अडवून ठेवणं तुमच्या हातात आहे.

'लकी सेव्हन' मध्ये हातात सात डॉलर देतात. गाडीच्या किमतीचा पहिला आकडा फुकट, बाकीचे चार एकेक करून ओळखायचे. जितक्याने चुकाल तितके डॉलर परत घेतात. शेवटी गाडी विकत घ्यायला किमान एक डॉलर शिल्लक हवा, म्हणजे एकूण चूक सहापर्यंतच चालते. काहीच माहीत नसेल तर ४ किंवा ५ म्हणावं. चूक पाचाच्या वर जाऊच शकत नाही. खरी मजा शेवटच्या आकड्याला येते. हातात सहा डॉलर असतील तर ४ किंवा ५ म्हणा, गाडी पक्की झाली. पाच डॉलर असतील तर ५ म्हटल्यावर फक्त शून्य निघालं तरच हराल, ४ म्हटल्यावर फक्त नऊ निघाला तरच. अशा वेळी स्पर्धक प्रेक्षकांकडे वळून '८!' '९!' असे आकडे ऐकत उभे राहतात. तसं करू नये, आधी हातातल्या नोटा मोजाव्यात.

'वन अवे' मध्ये दाखवलेल्या किमतीचा प्रत्येक आकडा एकने जास्त किंवा एकने कमी असतो. प्रत्येक ठिकाणी वर की खाली ते ठरवायचं. पहिला आकडा चुकला तर किंमत वीस हजारांनी हलते, तेव्हा तो खऱ्या ज्ञानाने ठरवता येतो. शेवटचे दोन निव्वळ कौल लावण्यासारखे. किती आकडे बरोबर आले तेवढं कळतं आणि मग बदलायची एक संधी मिळते. त्या वेळी पहिल्याला हात लावू नका, शेवटच्यांपासून बदलत या.

'प्लिंको' सगळ्यांना आवडतो. १९८३ पासून चालू आहे. एक चकती फुकट, आणखी चार मिळवायच्या. प्रत्येक लहान वस्तूवर दोन आकडी किंमत लावलेली असते, पण तिचा एकच आकडा खरा असतो. पहिला की दुसरा ते सांगायचं. मग चकत्या खिळ्यांच्या फळ्यावरून सोडायच्या. मधल्या खणात १०,००० डॉलर, त्याला चिकटून दोन्ही बाजूंना शून्य. बरोबर मध्यावरून सोडावी, बाकी खिळे ठरवतील.

चाक

तीन खेळ झाले की ते तिघे मोठ्या चाकापाशी येतात, आणि पुढच्या तिघांनंतर पुन्हा तेच. चाकावर २० घरं आहेत, ५ सेंटपासून १ डॉलरपर्यंत पाचापाचाच्या पटीत, पण क्रम उलटसुलट. एकदा फिरवायचं, हवं तर आणखी एकदा, आणि दोन्हींची बेरीज धरायची. १ डॉलरच्या सगळ्यांत जवळ, पण वर न गेलेला, शोकेसमध्ये जातो. वर गेला तो बाद. चाक पूर्ण एक फेरा फिरलं पाहिजे, नाहीतर पुन्हा फिरवावं लागतं. नेमका १ डॉलर आला तर १,००० डॉलर आणि जादाचा एक फेरा मिळतो. त्या फेऱ्यात पुन्हा १ डॉलर आला तर २५,००० डॉलर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या घरांपैकी (५ आणि १५ सेंट) एखादं आलं तर १०,०००.

तोपर्यंत सगळ्यांत कमी जिंकलेला आधी फिरवतो, सगळ्यांत जास्त जिंकलेला शेवटी. शेवटच्याला आकडेमोड लागत नाही, त्याला समोरचा आकडा दिसतोच. प्रश्न पहिल्याचा आहे. पहिल्या फेऱ्यात ६५ सेंट आले, थांबायचं का? गणित सांगतं की थांबू नका. ६५ किंवा कमी असेल तर पुन्हा फिरवा, ७० किंवा जास्त असेल तर थांबा. ६५ वर थांबलात तर मागून दोघे येणार आहेत आणि प्रत्येकाला दोन फेरे आहेत. दोघांनीही ६५ च्या खाली राहणं किंवा वर जाऊन बाद होणं हे फार वेळा घडत नाही. पुन्हा फिरवून स्वतः बाद व्हायची शक्यता बरीच असली तरी एकूण हिशेबात ते किंचित फायद्याचं पडतं. पहिला बाद झाला असेल तर दुसऱ्याने ५५ वर थांबावं, ५० वर पुन्हा फिरवावं.

शोकेस

दोन चाकांचे दोन विजेते शेवटी समोरासमोर. ज्याची कमाई जास्त त्याला पहिला शोकेस दाखवतात. त्यावर स्वतः बोली लावायची की दुसऱ्याकडे ढकलायचा हे तो ठरवतो. मग दुसरा शोकेस उरलेल्याचा. स्वतःच्या शोकेसच्या खऱ्या किमतीच्या जास्त जवळ, पण वर न गेलेला जिंकतो. फरक २५० डॉलरच्या आत असेल तर दोन्ही शोकेस मिळतात. दोघेही वर गेले तर कुणालाच काही नाही. २००८ मध्ये एका स्पर्धकाने २३,७४३ डॉलर ही नेमकी किंमत सांगितली होती. तो नेमाने कार्यक्रम बघून भाव लक्षात ठेवणाऱ्यांपैकी होता.

बेरीज बोटांवर करावी. प्रत्येक वस्तू पुढे आली की तिचा आकडा हजारात धरायचा आणि मागच्यात मिळवत जायचं: स्वयंपाकघराचा संच ४, सहल ९, एकूण १३, गाडी २४, एकूण ३७. सहलीत दोघांचं विमानभाडं आणि हॉटेल दोन्ही असतं, हे बरेच जण विसरतात. मग एकूणातून थोडं उतरवून सांगायचं, कारण वर जाणं इथेही घातक आहे. समोरचा फारच चढा बोलला असं वाटलं तर आणखी खाली उतरलं तरी हरकत नाही. तो बाद झाला की तुम्ही फक्त वर जायचं नाही.

जिंकलेली बक्षिसं अमेरिकेत उत्पन्न म्हणून धरतात आणि त्यांच्यावर कर भरावा लागतो. वस्तू मिळाली तरी कराचे पैसे खिशातूनच जातात. नको असलेलं बक्षीस नाकारता येतं.

मंडळात खेळायचं असेल तर

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत हा प्रकार छान रंगतो. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना भाग घेता येतो. किराणा आणताना पावती जपून ठेवा आणि किंमत पावतीवरचीच धरा, म्हणजे वाद होत नाहीत. कराशिवायचा भाव धरणार हे सुरुवातीलाच जाहीर करा. सेंट काढून टाका आणि जवळच्या पूर्ण डॉलरवर आणा. वस्तू अशा निवडा की भावात खरोखर प्रश्न पडेल: बासमतीचं २० पौंडाचं पोतं, प्रेशर कुकर, हापूसच्या रसाचा डबा, स्टीलचा डबा-संच. बोलीसाठी चौघांना एका ओळीत उभं करा आणि आकडे मोठ्या कागदावर लिहा. नाहीतर तिसऱ्याच्या पाळीला पहिल्याचा आकडा कुणालाच आठवत नाही.

'क्लॉक गेम'ला सामान लागत नाही. किंमत लिहिलेली चिठ्ठी एकाच्या हातात, घड्याळ दुसऱ्याच्या. चिठ्ठीवाल्याने 'वर' आणि 'खाली' याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही, आणि नेमका आकडा आला की हात वर करायचा. साठीच्या पुढच्यांना ४५ सेकंद द्या.